नवें प्रारब्ध

जुन्या काळीं एखाद्या घरांत कोणीं आत्महत्या केली म्हणजे समाचाराला आलेलीं माणसें "प्रारब्धांत होतें तें चुकलें नाहीं" असें म्हणून उठत. या वाक्याचा मोठा गुण असा कीं, त्यानें कोणावरच ठपका येत नसे. सासूवर नाहीं, बापावर नाहीं, सावकारावर नाहीं, आणि गेलेल्या जीवावरहि नाहीं. आज सुशिक्षित घरांतून प्रारब्धाचें नांव घेण्याची लाज वाटते, म्हणून त्याच्या जागीं दुसरें वाक्य आलें आहे. "त्याच्या मेंदूंतलें रसायनच बिघडलें होतें, त्याला कोण काय करणार?" शब्द प्रयोगशाळेंतले आहेत, काम मात्र जुन्या वाक्याचेंच आहे. प्रश्न विचारला जाण्यापूर्वींच तो मिटवून टाकणें, हें तें काम होय.

प्रस्तुत लेखाचा रोख शास्त्रावर नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. आत्महत्या केलेल्या माणसांच्या मेंदूंतील प्रथिनें तपासून या मरणाचा जीवशास्त्रीय उलगडा करण्याचा जो प्रयत्न गेलीं पन्नाससाठ वर्षें चालला आहे, तो आम्हांला आदरणीय वाटतो. आमचें भांडण आहे तें त्या प्रयत्नाच्या नांवावर आपली सुटका करून घेणारांशीं. हें संशोधन नीट वाचलें तर तें कोणालाहि सुटकेची चिठ्ठी लिहून देत नाहीं. उलट जे प्रश्न आपण दिवाणखान्यांत विचारीत नाहीं, नेमके तेच तें विचारावयास लावतें, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम हें संशोधन आहे तरी काय, तें पाहूं. मेंदूंतील एक चेतापेशी दुसरीला जो निरोप धाडते तो रसायनाच्या हातीं धाडते. सेरोटोनिन हें अशा निरोप्यांपैकीं एक. निरोप्या आला कीं त्याला ओळखून धरणारें एक प्रथिन पलीकडच्या पेशीवर असतें. काम झालें कीं त्याला माघारीं आणणारें दुसरें प्रथिन धाडणाऱ्या पेशीवर असतें. निरोप्या स्वतः प्रथिन नव्हे. परंतु त्याला घडविणारी, धरणारी आणि परत नेणारी सर्व यंत्रणा प्रथिनांची आहे. तेव्हां या प्रथिनांची मोजदाद केली तर हें टपाल कोठें अडलें याचा कांहीं माग लागेल, अशी ही साधी व सयुक्तिक कल्पना आहे.

ती फुकट गेली नाहीं. १९६७ सालीं ब्रिटनमधील संशोधकांनीं आत्महत्या केलेल्या नैराश्यग्रस्तांच्या मेंदूच्या मागील भागांत सेरोटोनिन कमी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. १९७६ सालीं स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंतील मारी आस्बर्ग व त्यांचे सहकारी यांनीं नैराश्याच्या ६८ रुग्णांच्या पाठीच्या कण्यांतील द्रव तपासला. सेरोटोनिन वापरलें गेल्यावर त्याचा जो अवशेष उरतो, त्याचें प्रमाण २० जणांत कमी आणि ४८ जणांत अधिक, असे दोन गट पडले. कमी प्रमाणाच्या गटांत आत्महत्येचे प्रयत्न अधिक झालेले होते, आणि त्यांतील दोघांचा अंत पुढें आत्महत्येनें झाला. दुसऱ्या गटांत एकाचाहि झाला नाहीं. त्यानंतर न्यूयॉर्कमध्यें जॉन मॅन व व्हिक्टोरिया आरांगो यांनीं मृतांच्या मेंदूंचा संग्रह करून, कपाळामागील भागांत, म्हणजे माणसाला विचार करून हात आवरावयास लावणाऱ्या भागांत, निरोप्याला माघारीं आणणारें प्रथिन कमी असल्याचें दाखविलें. शिकागोमध्यें घनश्याम पांडे व योगेश द्विवेदी या भारतीय नांवाच्या शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं आत्महत्या केलेल्या किशोरवयीन मुलांच्या मेंदूंत सेरोटोनिनला धरणाऱ्या एका प्रथिनाचें प्रमाण वाढलेलें असल्याचें प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं असें दाखविलें कीं, चेतापेशींची वाढ व निगा राखणारें बीडीएनएफ नांवाचें प्रथिन आत्महत्या केलेल्या २७ जणांच्या मेंदूंत, मानसिक आजार नसलेल्या व अन्य कारणांनीं गेलेल्या २१ जणांच्या मानानें, कमी होतें.

हें कार्य लहान नव्हे. ज्याला आपण "दुबळ्या मनाचा" म्हणून हिणवीत होतों, त्याच्या कवटींत मोजतां येण्याजोगा फरक होता, एवढें जरी त्यानें सिद्ध केलें तरी त्याचे उपकार मोठे आहेत. भित्रा, पळपुटा, कुलाला काळिमा लावणारा, हीं जीं विशेषणें आपण मृताच्या नांवापुढें शतकानुशतकें लावीत आलों, तीं मागें घेण्यास या शास्त्रानें आपणांस भाग पाडलें आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्याला आपण भित्रा म्हणत नाहीं.

परंतु येथूनच आपल्या सुशिक्षित मंडळींची उडी चुकते. प्रथिनांत फरक आढळला, म्हणून प्रथिनांमुळें मरण आलें. प्रथिनांमुळें मरण आलें, म्हणून दुसरें कांहीं कारण नव्हतें. दुसरें कारण नव्हतें, म्हणून आपण निर्दोष. या तीन पायऱ्यांतील एकहि पायरी शास्त्रानें बांधलेली नाहीं.

पहिली पायरी पाहा. हा मेंदू मृताचाच तपासतां येतो. मरणानंतर किती तासांनीं तो काढला, शरीरांत कोणतीं औषधें होतीं, मद्य होतें काय, नैराश्य किती वर्षांचें होतें, या प्रत्येक गोष्टीची छाया प्रथिनांच्या आंकड्यांवर पडते. तपासलेले मेंदू हजारांनीं नव्हेत, बहुधा दहावीसतीसच असतात. आढळलेला फरक आत्महत्येचा कीं आजाराचा, कारण कीं परिणाम, हा प्रश्न संशोधक स्वतःच पुनःपुन्हां विचारीत असतात. स्टॉकहोमच्या त्या प्रसिद्ध लेखाच्या मथळ्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह होतें. लेखकांनीं घातलेलें तें प्रश्नचिन्ह पुढें वाचकांनीं पुसून टाकलें, एवढाच काय तो फरक!

दुसरी पायरी तर तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यांतच कोसळते. आपल्या नैयायिकांनीं धूर व अग्नि यांचें उदाहरण घोटून घेतलें तें उगीच नव्हे. धूर दिसला म्हणजे अग्नि आहे असें म्हणतां येतें. पण अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं, कारण त्यासाठीं ओलें सर्पण लागतें. या ओल्या सर्पणाला ते उपाधि म्हणत. स्टॉकहोमच्या वीस जणांत निरोप्याचा अवशेष कमी होता, आणि त्यांतील दोघे गेले. म्हणजे अठरा गेले नाहींत. प्रथिनांतील किंवा रसायनांतील दोष हा अग्नि मानला, तरी त्या दोघांच्या बाबतींत ओलें सर्पण कोणतें होतें, हा प्रश्न उरतोच. "रसायन बिघडलें होतें" म्हणणारा मनुष्य नेमका हा उपाधीचा शोध टाळीत असतो.

कोणी म्हणेल कीं, आज नाहीं तरी उद्यां शास्त्र केवळ रक्ताच्या थेंबावरून भविष्य सांगेल. आजवरचा अनुभव तसा नाहीं. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयांत ४,८०० मनोरुग्णांची सर्व बाजूंनीं तपासणी करून त्यांच्यावर चार ते सहा वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. त्यांपैकीं ६७ जणांनीं आत्महत्या केली. परंतु ते ६७ कोण, हें आधीं ओळखण्याची प्रत्येक रीत फसली, असें ॲलेक्स पोकॉर्नी यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलें. जी रीत वापरावी ती खऱ्यांना सोडी आणि नाहक शेंकडों माणसांवर बोट ठेवी. २०१७ सालीं जोसेफ फ्रँकलिन व त्यांचे सहकारी यांनीं पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले; कोणत्याहि एका लक्षणावरून केलेलें भाकीत नाणें उडवून केलेल्या भाकितापेक्षां फारसें सरस ठरलें नाहीं. तात्पर्य, ज्या प्रथिनाला आपण प्रारब्ध म्हणून बसलों, त्याला स्वतःला भविष्य सांगतां येत नाहीं.

आतां तिसऱ्या पायरीकडे, म्हणजे निर्दोषत्वाच्या दाव्याकडे वळूं. या दाव्याला या संशोधनांतूनच जबर उत्तर मिळालें आहे. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें गुस्ताव्हो तुरेकी, मायकेल मीनी, मोशे झिफ आदि शास्त्रज्ञांच्या गटानें २००९ सालीं ३६ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२ मेंदू आत्महत्या केलेल्या व बालपणीं छळ सोसलेल्या माणसांचे. १२ आत्महत्या केलेल्या परंतु तसा छळ न झालेल्यांचे. आणि १२ अन्य कारणांनीं गेलेल्यांचे. संकटांत शरीरांत जें तणावाचें संप्रेरक उसळतें, त्याला धरून तें शमविण्यास मदत करणारें एक प्रथिन मेंदूंत असतें. त्या प्रथिनाच्या घडणीचा जनुकाकडून येणारा संदेश पहिल्या गटांत कमी आढळला, आणि त्या जनुकावर रासायनिक खुणा अधिक आढळल्या. मौज ही कीं, दुसरा गट, म्हणजे आत्महत्या केलेल्या पण बालपणीं न छळलेल्या माणसांचा गट, या बाबतींत तिसऱ्या गटाहून वेगळा दिसला नाहीं! म्हणजे ती खूण आत्महत्येची नव्हतीच. ती खूण छळाची होती.

याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत रचूं नये, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या दिशेला तो बोट दाखवितो ती दिशा स्पष्ट आहे. बालपणीं कोणीं उगारलेला हात, कोणीं कोंडून ठेवलेलें पोर, कोणीं केलेला अत्याचार, यांची नोंद पंचवीसतीस वर्षांनीं मेंदूंतील जनुकावर सांपडते. ज्या घरानें "रसायन बिघडलें होतें" म्हणून हात झटकले, त्या घराला शास्त्र उलट विचारतें कीं, तें बिघडविलें कोणीं? प्रथिन हा आरोपीच्या बाजूचा साक्षीदार म्हणून बोलावला, आणि तो फिर्यादीच्या बाजूनें बोलूं लागला, असा हा प्रकार आहे.

येथें एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाहीं. आनुवंशिकतेचें काय? डेन्मार्कमध्यें दत्तक गेलेल्यांच्या नोंदी पाहून १९७९ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत आत्महत्या केलेल्या ५७ दत्तकांच्या २६९ रक्ताच्या नातलगांपैकीं १२ जणांनीं आत्महत्या केलेली आढळली. तुलनेसाठीं घेतलेल्या दुसऱ्या दत्तकांच्या तितक्याच नातलगांत अशीं दोनच माणसें निघालीं. ज्यांनीं त्यांना वाढविलें त्या दत्तक घरांत एकहि नाहीं. म्हणजे कांहीं कल रक्तांतून येतो, हें मान्य केलेंच पाहिजे. प्रत्येक आत्महत्येमागें घरांतील कोणाचा तरी अपराध असतो असें म्हणणें हा अन्याय होईल, आणि पोटचा गोळा गेलेल्या निरपराध आईबापांवर तो दुसरा आघात होईल. आमचें म्हणणें तें नव्हेच. परंतु २६९ मध्यें १२, म्हणजे २५७ जणांनीं तसें केलें नाहीं. वारसा हा कल देतो, निकाल देत नाहीं. मधुमेहाचा वारसा असलेल्या घरांत आपण साखरेवर नजर ठेवतों. प्रारब्ध म्हणून मुलापुढें मिठाईचें ताट ठेवीत नाहीं.

आणि निकाल बदलतां येतो, याचीं उदाहरणें राष्ट्रांच्या आंकड्यांत आहेत. इंग्लंड व वेल्समध्यें १९६३ सालीं ५,७१४ आत्महत्यांची नोंद झाली. १९७५ सालीं ३,६९३. मधल्या बारा वर्षांत घरगुती इंधनाचा विषारी वायु जाऊन त्याच्या जागीं तसा विषारी नसलेला वायु आला होता. श्रीलंकेंत १९९५ च्या सुमारास दर लाख लोकसंख्येमागें ४७ असलेलें प्रमाण, अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी येत गेल्यानंतर, २००५ पर्यंत सुमारें निम्म्यावर आलें. आणि हीं वर्षें त्या देशांत यादवी युद्धाचीं होतीं. या दहाबारा वर्षांत साऱ्या राष्ट्राच्या मेंदूंतील प्रथिनें सुधारलीं, असें कोणी म्हणणार नाहीं. मेंदू तेच होते; त्यांच्या आवाक्यांतून एक वस्तु दूर झाली, अविचाराचा क्षण टळला, आणि हजारों माणसें जगलीं. प्रारब्ध असें एका सरकारी हुकुमानें बदलत नसतें.

या उदाहरणांवरून कोणी उलट टोंकाला जाऊन म्हणेल कीं, मग प्रथिनांचा अभ्यास हवा कशाला? विषावर बंदी घाला म्हणजे झालें! हेंहि अर्धवटच. क्षण टळला तरी त्या क्षणापर्यंत माणसाला आणणारी व्यथा उरतेच, आणि तिच्यावर औषध पाहिजे. छिन्नमनस्कतेच्या ९८० रुग्णांवर झालेल्या व २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत क्लोझापिन या औषधानें आत्महत्येचे प्रयत्न दुसऱ्या औषधाच्या मानानें कमी झाले. असें औषध कां लागू पडतें, दुसरें कां पडत नाहीं, हें कळण्याचा मार्ग मेंदूंतील प्रथिनांवरूनच जातो. शास्त्राला आपण हांकलून देऊं शकत नाहीं, आणि त्याच्या आड लपूंहि शकत नाहीं.

पण आपण लपतों. आणि तेंहि दर्जा पाहून लपतों. विदर्भांतल्या शेतकऱ्यानें आत्महत्या केली म्हणजे आपण "कर्ज" म्हणतों. सासुरवाशिणीनें केली म्हणजे "पोटदुखी असह्य झाली" म्हणतों. आपल्या वर्गांतल्या मुलानें केली म्हणजे "मेंदूंतलें रसायन" म्हणतों. जणूं शेतकऱ्याला मेंदू नाहीं, सुनेला मन नाहीं, आणि आपल्या मुलाला परिस्थिति नाहीं! सरकारी नोंदींप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १,७०,९२४ जणांनीं आत्महत्या केली. त्यांत सर्वांत मोठा आंकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. कारणांच्या रकान्यांत "कौटुंबिक अडचणी" ३१.७ टक्के आणि "आजार" १८.४ टक्के असें लिहिलें आहे. जणूं आजारी माणसाला कुटुंब नसतें आणि कुटुंबांत गांजलेला मनुष्य आजारी पडत नाहीं. एका मृत्यूला एकच रकाना, हा फौजदारी दप्तराचा सोयीचा नियम झाला. सुशिक्षितांच्या बुद्धीचा तो नियम असूं नये. कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याच्या मेंदूवरहि नैराश्याचे उपचार होऊं शकतात, आणि तो त्याचा हक्क आहे. परीक्षेंत मागें पडलेल्या आपल्या मुलाला गोळ्यांबरोबरच बापाच्या बोलण्यांतला फरकहि मिळाला पाहिजे, आणि तोहि त्याचा हक्क आहे.

कायदा या बाबतींत आपल्या पुढें गेला, ही लाजेची गोष्ट आहे. १८६० च्या दंडसंहितेनें आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावयास सांगितलें आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तें जुनें सरसकट कलम राहिलें नाहीं. सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यांत अडविण्यासाठीं किंवा भाग पाडण्यासाठीं केलेल्या प्रयत्नापुरतेंच कलम उरलें आहे. "ताण" हा शब्द कायद्यानें स्वीकारला. आणि ताण म्हणजे कांहीं आकाशांतून पडलेलें रसायन नव्हे, तो कोणीतरी, कशानें तरी दिलेला असतो. सरकारनें जें मानलें तें आपल्या माजघरांत अजून मानलें जात नाहीं.

तर मग सुशिक्षित कुटुंबांनीं करावयाचें काय? पहिली गोष्ट, खरें सांगणें. मॉन्ट्रियलच्या संशोधकांना मेंदू मिळाले, पण बालपणचा छळ त्यांना सूक्ष्मदर्शक यंत्रांत दिसला नाहीं. तो त्यांना मृतांच्या आप्तांनीं सांगितला. तासन्तास चाललेल्या मुलाखतींतून त्या कुटुंबांनीं आपल्या घरांतील अंधार बोलून दाखविला, म्हणून जनुकावरील त्या खुणांना अर्थ आला. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी चालू आहे. परंतु "अपघात झाला", "छातींत कळ आली", असें सांगून अंत्यविधि उरकणाऱ्या समाजांत मेंदू मिळाला तरी त्याची कहाणी मिळणार नाहीं, आणि कहाणीवांचून प्रथिन मुकें आहे. दुसरी गोष्ट, जिवंत माणसाला विचारणें. "जगावेंसें वाटत नाहीं काय?" असा प्रश्न विचारल्यानें ती कल्पना डोक्यांत भरते, ही समजूत खोटी आहे, विचारणाराजवळ मन मोकळें होतें. घरांत विचारणारें कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकावरील दूरध्वनिसेवा रात्रंदिवस चालू असते. तिसरी गोष्ट, वैद्याचें औषध लाज न बाळगतां घेणें. पण औषध सुरू झालें म्हणजे घराची जबाबदारी संपली असें न समजणें.

प्रारब्धाची मोठी सोय ही कीं, त्याची उलटतपासणी होत नाहीं. प्रथिनाची होते, आणि ती करणारे लोक प्रामाणिक आहेत. अर्धी गोष्ट कळली तर अर्धी कळली असेंच ते सांगतात. उरलेली अर्धी गोष्ट कोणत्याहि प्रयोगशाळेच्या शीतपेटींत सांपडणार नाहीं. ती ज्यांना ठाऊक आहे, तीं माणसें समाचाराच्या वेळीं त्याच दिवाणखान्यांत बसलेलीं असतात, आणि "रसायन" हा शब्द उच्चारून गप्प होतात. तें गप्प बसणें जोंवर चालू आहे, तोंवर आपण शास्त्रयुगांत आलों असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.